विचारा तर खरं : स्टेशनच्या डोक्यावर बसलेलं गार्डन

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो की आईला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनला बास्केटबॉलची मॅच दाखवायला नेलं आणि ती अख्खा वेळ मॅच सोडून छताकडे बघत बसली. एवढ्या एका वाक्यावर इतक्या मेल आल्या की बाकीचे प्रश्न (व्हिसा, मेथीचं बी परसात का उगवत नाही वगैरे) पुढच्या महिन्यावर ढकललेत. रागावू नका. मेथीवाल्या काकूंनी तर अजिबात रागावू नका, तुमचं उत्तर लिहून तयार आहे.

मुलगा न्यूयॉर्कजवळ असतो, म्हणतो बाबा या वेळी तुम्हाला गार्डन दाखवतो. मी विचारलं कसली झाडं आहेत रे तिथे, तर फोनवर हसत सुटला. नाव गार्डन आणि झाड एक नाही, हा काय प्रकार?
– एक काका, सांगली

काका, मुलाला सांगा हसू नको, कारण झाडाचं सोडाच, ते गार्डन मॅडिसन स्क्वेअरलाही नाहीये. आपल्या लालबागमध्ये तरी कुठे बाग उरलीय.

झालं असं की मॅडिसन स्क्वेअर नावाच्या चौकाजवळ, सव्वीसाव्या रस्त्यावर रेल्वेची एक जुनी जागा रिकामी पडली होती, ती आधी सर्कसवाल्या बार्नमने घेतली, मग दुसऱ्या कुणी, असं करत करत १८७९ ला तिला मॅडिसन स्क्वेअर गार्डन हे नाव लागलं. वर धड छप्पर पण नव्हतं. ते पाडून १८९० ला तिथेच दुसरं बांधलं, हे मात्र एकदम देखणं, उंच मनोरा, मनोऱ्यावर डायना या रोमन देवीचा पुतळा. स्टॅनफर्ड व्हाइट म्हणून आर्किटेक्ट होता त्याचं काम, आणि त्याच इमारतीच्या गच्चीवर नाटक चालू असताना १९०६ मध्ये त्याला गोळ्या घालून मारलं, बायकोच्या जुन्या प्रकरणावरून पेटलेल्या एका श्रीमंत माणसाने. म्हणजे स्वतः बांधलेल्या थिएटरात स्वतःचाच खून. तिसरं १९२५ चं, ते थेट आठव्या अ‍ॅव्हेन्यूवर पन्नासाव्या रस्त्याजवळ, मॅडिसन चौकापासून चांगलं लांब, २४९ दिवसांत उभं केलेलं. आणि आत्ताचं चौथं, ११ फेब्रुवारी १९६८ ला उघडलेलं, सातव्या आणि आठव्या अ‍ॅव्हेन्यूच्या मध्ये, एकतीस ते तेहतीस नंबरच्या रस्त्यांदरम्यान.

दुकान दोनदा हललं तरी पाटी तीच ठेवायची, गिऱ्हाईक पाटी बघून येतं, हे आपल्या सांगलीच्या बाजारपेठेत पण चालतं की.

टीव्हीवर बघितलं, शनिवारी तिथे आइस हॉकी आणि रविवारी त्याच जागी लाकडी फरशीवर बास्केटबॉल. एका रात्रीत सगळा बर्फ वितळवतात? आणि परत गोठवतात?? आमच्या फ्रीजला एक ट्रे जमवायला चार तास लागतात.
– एक ताई, नाशिक

ताई, हा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण मला पण कित्येक वर्षं हेच वाटायचं. नाही वितळवत. बर्फ तिथेच असतो. खाली. बास्केटबॉलवाले बर्फावरच खेळत असतात फक्त त्यांच्या पायाला तो लागत नाही.

नीट सांगतो. सगळ्यात खाली काँक्रीटची लादी, तिच्या पोटात पाइपांचं जाळं, त्यातून मीठ घातलेलं गार पाणी सारखं फिरत असतं, मीठ अशासाठी की ते शून्याच्या खाली गेलं तरी गोठत नाही. लादी पुरेशी थंड झाली की तिच्यावर पाण्याचे पातळ पातळ थर फवारत जातात, एकदम बादली ओतली तर बर्फ ठिसूळ आणि वेडावाकडा होतो. दोनचार थर झाले की चक्क पांढरा रंग मारतात. कारण बर्फ स्वतः पांढरा नसतोच, आरपार दिसतो, रंग नाही मारला तर खालचं करडं काँक्रीट दिसेल आणि त्यावर हॉकीत चेंडूऐवजी असते ती काळी चकती घरात बसून टीव्हीत काय शोधणार कुणी. मग रेघा, मग टीमचं चिन्ह, मग परत वरून स्वच्छ पाण्याचे थर. एवढं सगळं करून जाडी किती, तर जेमतेम इंच सव्वा इंच. हा बर्फ सीझन सुरू होताना बनवला की बराच काळ तसाच राहतो.

बास्केटबॉल असलं की या बर्फावर आधी उष्णता अडवणाऱ्या जाड फळ्यांचं आवरण टाकतात, आणि त्याच्यावर मेपल लाकडाच्या पाटांची फरशी. पाट म्हणजे अक्षरशः पाट, साधारण चार बाय आठ फुटांचे, प्रत्येकाची जागा ठरलेली, एकाला एक अडकवत जायचं. गार्डनची आतून टूर असते, तिच्यात मला एकदा हे काम अर्धवट अवस्थेत बघायला मिळालं. अर्धी बाजू पिवळी लाकडी आणि चकचकीत, अर्धी काळ्या फळ्यांची, आणि एका कोपऱ्यात हातभर जागेत फळी बसायची राहिली होती तिथून बर्फ दिसत होता, त्यात निळ्या रेघेचा एक तुकडा. फोर्कलिफ्ट त्याच बर्फावरच्या आवरणावरून ये-जा करत होती. लग्नाच्या हॉलमध्ये जेवणाची पंगत उठली की पोरं कशी सतरंज्या गुंडाळत खुर्च्या मांडत येतात, सेम तसा आवाज आणि तशीच आरडाओरड, फक्त इंग्लिशमध्ये.

अजून एक गंमत. हॉकीचं मैदान २०० फूट बाय ८५ फूट, बास्केटबॉलचं ९४ बाय ५०. म्हणजे बास्केटबॉलला चारी बाजूंनी भरपूर जागा उरते, तिथे खुर्च्या मांडतात आणि त्याच सगळ्यात महाग. सिनेमातले मोठे मोठे लोक मैदानाला पाय लावून बसलेले दिसतात ना, ते सगळे बर्फावर बसलेले असतात, हजारो डॉलर देऊन. खुर्च्यांचं गणित पण त्यामुळेच बदलतं, बास्केटबॉलला १९,८१२ आणि हॉकीला १८,००६.

गाण्याच्या कार्यक्रमाला तर लाकूड पण नाही, नुसतं आवरण, त्यावर स्टेज आणि खुर्च्या.

आमचे जावई म्हणतात त्या स्टेडियमखाली रेल्वे स्टेशन आहे. मग मॅच चालू असताना गाडी गेली तर हादरत नाही का? आणि असं बांधलंच कशाला?
– एक वाचक, चिंचवड

जावई बरोबर बोलतायत. खाली पेन स्टेशन. अमेरिकेतलं सगळ्यात गर्दीचं स्टेशन, कोविडच्या आधी रोज सहा लाखांच्या आसपास माणसं ये-जा करायची. माझी आई ठाण्याची, तिला मी हे सांगितलं तर म्हणाली, म्हणजे ठाणे स्टेशनच्या डोक्यावर गडकरी रंगायतन ठेवल्यासारखं. यापेक्षा चांगलं मला सांगता येणार नाही.

गाडीने हादरल्याचं मला तरी कधी जाणवलं नाही, कारण खेळायची पातळी रस्त्यापासून पाच मजले वर आहे. हादरतं ते माणसांनी. एखाद्या रॉक कॉन्सर्टला वीस हजार लोक एका तालात उड्या मारायला लागले की पायाखालची जमीन हलल्यासारखी वाटते, पहिल्यांदा आलेला माणूस घाबरून शेजारच्याकडे बघतो, शेजारचा नाचत असतो. आणि आई जे छत बघत बसली होती ते खरंच बघण्यासारखं आहे, सुमारे ४०० फूट व्यासाचं गोल, आणि मध्ये एकही खांब नाही. सायकलचं चाक आडवं धरा. बाहेर कडं, मध्ये तुंबा, आणि तारा ताणलेल्या. तसंच आहे ते, पोलादी दोरखंडांवर पेललेलं.

आता असं का बांधलं. इथे जरा दुखरी गोष्ट आहे. त्या जागी १९१० साली उघडलेलं जुनं पेन स्टेशन होतं, दगडी खांब, देवळासारखं उंच छत, काचेतून उजेड खाली येतोय वगैरे. रेल्वे कंपनीचा धंदा बसला, मोटारी आल्या विमानं आली, मग कंपनीने वरची जागा विकून पैसा उभा करायचं ठरवलं, १९६३ च्या ऑक्टोबरात तोडफोड सुरू केली आणि स्टेशन तळघरात ढकलून वर हे गार्डन बसवलं. विचार करा उद्या कुणी आपलं व्हीटी पाडून वर कबड्डीचं स्टेडियम बांधलं आणि म्हणालं गाड्या चालू आहेत ना खाली, मग तक्रार काय. व्हिन्सेंट स्कली नावाच्या वास्तुकलेच्या प्राध्यापकाने पुढे म्हटलं होतं की पूर्वी माणूस या शहरात देवासारखा प्रवेश करायचा, आता उंदरासारखा सरपटत येतो. मी न्यू जर्सीचा, रोजचा उंदीर आहे, मला विचारा. संध्याकाळी त्या बुटक्या छताखाली बोर्डाकडे माना वर करून शेकडो माणसं उभी असतात, गाडी कुठल्या प्लॅटफॉर्मवर येणार ते अगदी शेवटच्या क्षणी लागतं, आणि नंबर लागला रे लागला की सगळी एका अरुंद जिन्यावर तुटून पडतात. दादरला आयुष्य काढलेल्या माणसाला सुद्धा कोपर काढावं लागतं.

पण त्या पाडापाडीतून एक बरं झालं. लोक एवढे चिडले की १९६५ मध्ये न्यूयॉर्कने जुन्या वास्तू वाचवायचा कायदा केला आणि पुढे त्याच कायद्याच्या जोरावर शहरातलं दुसरं मोठं स्टेशन, ग्रँड सेंट्रल, वाचलं.

गार्डन तिथून हलवा ही मागणी अजून चालूच आहे. मूळ परवानगी १९६३ ची, पन्नास वर्षांची. ती संपली तेव्हा २०१३ ला शहराने फक्त दहा वर्षं दिली, नंतर २०२३ ला फक्त पाच. म्हणजे २०२८ ला परत तेच. भाडेकरूची मुदत दर वेळी कमी करत जायची म्हणजे तो स्वतःहून समजेल अशी अपेक्षा, पण इथे भाडेकरू नाही मालकच आहे, आणि २०१३ पर्यंत तीन वर्षांत त्याने आतून सुमारे शंभर कोटी डॉलर घालून सगळं नवं करून घेतलंय, तो कशाला हलतोय. वर १९८२ पासून मालमत्ता कर माफ, तो वेगळाच. आपल्याकडे सोसायटीच्या मीटिंगमध्ये असा एक मेंबर असतोच.

माझं मत विचाराल तर (विचारलं नाहीत तरी सांगतोच) त्या स्टेशनवर खरंच अन्याय झालाय. पण मॅच संपली आणि पाच मिनिटांत माणूस गाडीत, हे सुख त्या चुकीमुळेच मिळालंय हे पण खरं. म्हणूनच हा वाद सुटत नाही.

रविशंकर तिथे वाजवायला बसले आणि लोकांनी चुकून सूर जुळवण्यालाच टाळ्या दिल्या, ही गोष्ट खरी की नुसतीच पसरवलेली?
– सतार शिकणारा एक वाचक, मिरज

शंभर टक्के खरी, रेकॉर्डिंगच आहे. १ ऑगस्ट १९७१, बांगलादेशातल्या निर्वासितांसाठी रविशंकर आणि बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन यांनी मिळून केलेला कार्यक्रम, एकाच दिवशी दोन शो, दुपारी आणि रात्री. सतारीवर रविशंकर, सरोदवर अली अकबर खाँ, तबल्यावर अल्ला रखा, तानपुऱ्यावर कमला चक्रवर्ती. त्यांनी आधी वाद्यं लावून घेतली, ती संपल्याबरोबर टाळ्यांचा कडकडाट. रविशंकर अगदी शांतपणे म्हणाले, की तुम्हाला सूर जुळवणं एवढं आवडलं तर वाजवणं त्याहून जास्त आवडेल अशी आशा आहे. तुम्ही मिरजेचे, म्हणजे जवारी काढणं (घोडी घासून तारेला झंकार आणणं) काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको, तिथल्या तरुण पोरांना तो झंकारच मैफल वाटला यात त्यांचा तरी काय दोष.

तिकिटांतून २,४३,४१८ डॉलर जमा झाले, ते युनिसेफला गेले. आणि त्याच वर्षी मार्चमध्ये, त्याच छताखाली, महंमद अली आणि जो फ्रेझिअरची पहिली लढत झालेली, दोघंही तोवर एकदाही न हरलेले, पंधरा राउंड, फ्रेझिअर जिंकला. पाच महिन्यांच्या अंतराने तिथे रक्त आणि तिथेच सरोद. मला हे फार भारी वाटतं.

खेळायची जागा पाचव्या मजल्यावर म्हणताय, मग सर्कशीचे हत्ती लिफ्टने जायचे का?
– इयत्ता सहावी, रत्नागिरी (आईच्या मेलवरून)

शाब्बास! लिफ्टने नाही, आत गोल चढण आहे तिच्यावरून चालत. आणि त्याआधीची वरात ऐक. सर्कस शहरात आली की मध्यरात्री गाड्या थांबवून हत्तींची रांग क्वीन्स-मिडटाउन नावाच्या नदीखालच्या बोगद्यातून चालत यायची, पुढच्या हत्तीची शेपूट मागच्याने सोंडेत धरलेली, आणि मग चौतिसाव्या रस्त्याने गार्डनकडे. लोक पोरांना झोपेतून उठवून बघायला आणायचे. आता बंद झालं, हत्तींच्या दृष्टीने बरंच झालं. पण ती चढण आजही डोकेदुखी आहे, मोठे ट्रक वरपर्यंत जाऊ शकत नाहीत म्हणून कॉन्सर्टचं सामान घेऊन आलेले ट्रक बाहेर रस्त्यावर उभे असतात आणि टॅक्सीवाले शिव्या घालत असतात.

मुंबईला असं काही का नाही? की आपण फक्त चिखलात उभं राहून कॉन्सर्ट बघायचे?
– वैतागलेली, अंधेरी

अगदीच नाही असं नाही. वरळीला हाजी अलीजवळचा डोम आहे ना, सरदार वल्लभभाई पटेल इनडोअर स्टेडियम, सगळे एनएससीआय म्हणतात ते. २६ जुलै २०१४ ला प्रो कबड्डीची सगळ्यात पहिली मॅच तिथेच झाली, यू मुंबाने जयपूरला ४५-३१ ने हाणलं, आणि पुढच्या वर्षीची फायनल पण तिथेच, अनुपकुमारची यू मुंबाच जिंकली. शाळेच्या मैदानात लाल मातीत फक्की टाकून आखलेली कबड्डी बघितलेल्या माणसाने तो झगमगाट बघितला तेव्हा घशात काहीतरी अडकलं होतं, सांगतो. २०१९ च्या ऑक्टोबरात एनबीएच्या (अमेरिकेतली बास्केटबॉलची मोठी लीग) भारतातल्या पहिल्या दोन मॅच तिथे झाल्या, इंडियाना विरुद्ध सॅक्रमेंटो, पहिली तर ओव्हरटाइममध्ये १३२-१३१. सॅक्रमेंटोच्या टीमचे मुख्य मालक विवेक रणदिवे, आपले मुंबईतच जन्मलेले. आणि मग २०२० मध्ये त्याच डोममध्ये कोविडच्या खाटा लागल्या. एवढ्या भूमिका तर आपले नाटकवालेही करत नाहीत.

पण डोम लहान आहे, गार्डनच्या वीस हजारांपुढे तर बराच लहान. त्यामुळे मोठं नाव आलं की नेरूळचं डी. वाय. पाटील, कोल्डप्ले जानेवारी २०२५ ला तिथेच वाजले. ते उघडं मैदान आहे. जानेवारीत ठीकच. पण जून ते सप्टेंबर काय करणार? म्हणजे आपल्याकडे छप्पर ही चैन नाहीच, वर्षातले चार महिने वाचवायची गोष्ट आहे, आणि अशी इमारत फायद्यात यायची तर ती रोज रात्री वेगळी व्हायला लागते, आज खेळ उद्या गाणं परवा कुस्ती. फक्त खेळावर भागत नाही. गार्डनमध्ये बिली जोएल नावाचा गायक २०१४ ते २०२४ जवळपास दर महिन्याला गात होता, त्याचे तिथले एकूण १५० शो झाले, तो त्या इमारतीचा महिन्याचा पगारच म्हणा.

आणि बांधलंच कुणी मुंबईत, तर कृपा करून पार्किंग किती ते नंतर सांगा, आधी स्टेशन किती मिनिटांवर ते सांगा. रात्री साडेअकराला वीस हजार माणसं ओला-उबर शोधत हायवेवर उभी, हे चित्र मी तुमच्या मेलमध्ये वाचलं, ताई, आणि मला स्वतःचं आठवलं, इथे अमेरिकेतल्याच एका उपनगरातल्या मैदानावर (नाव नको) कार्यक्रम संपल्यावर पार्किंगमधून गाडी बाहेर काढायला दोन तास लागलेले. गाणी कुठली होती ते आठवत नाही, पुढच्या गाडीचा नंबर पाठ आहे.

आई-बाबा मेमध्ये येतायत, दोघंही सत्तरीच्या आसपास. गार्डनला न्यायचंय. कुठली तिकिटं काढू, काय सांभाळू?
– एडिसन, न्यू जर्सी

शेजारीच निघालात की. पटापट सांगतो.

दोनशे नंबरच्या सेक्शनमध्ये अगदी मागच्या रांगा घेऊ नका, स्वस्त असतात पण वरून जे लटकते पूल आहेत (त्यांच्यावरही प्रेक्षक बसतात) त्यांच्यामुळे मधला मोठा स्क्रीन झाकला जातो, आणि चढ पण खडा आहे, गुडघ्यांचा विचार करा. शंभरच्या सेक्शनमध्ये कोपऱ्यातली जागा मिळाली तर उत्तम. एनबीएच्या प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीच्या मॅचला, न्यायचा हट्ट नको, तिकिटाचा आकडा ऐकून बाबा तिथूनच परत फिरतील, मेमध्ये कुठली तरी कॉन्सर्ट असेल ती बघा. आवाज भयंकर असतो, कानात घालायचे बोळे घ्या. बॅग छोटी. तिकीट फोनवर असतं म्हणून फोन चार्ज. दारात कॅमेऱ्याने चेहरे तपासतात, मालक कंपनीवर केस चालवणाऱ्या फर्ममधल्या वकिलांना असंच ओळखून बाहेर काढल्याचं २०२२ च्या शेवटी गाजलं होतं, तेव्हा घरात कुणी वकील असेल तर आधी चौकशी करा, हे मी गमतीत म्हणत नाहीये. आतलं खाणं अव्वाच्या सव्वा महाग, आधी जेवून जा. आमच्या आईने पर्समधून दशमी आत नेली होती, पकडली गेली नाही, पण तुम्हाला तसा सल्ला मी छापून देऊ शकत नाही.

परत येताना गर्दीबरोबर लगेच खाली पळू नका. आठवा अ‍ॅव्हेन्यू ओलांडून समोर जुन्या पोस्टाच्या इमारतीत मॉयनिहन हॉल आहे, २०२१ च्या जानेवारीत उघडलेला, उंच काचेचं छत, तिथे उभं राहून आई-बाबांना जरा श्वास घेऊ द्या, बोर्ड तिथेही असतात. एडिसनला थांबणारी गाडी बघून घ्या, काही जलद गाड्या तिथे थांबत नाहीत, आम्ही एकदा असेच पुढे प्रिन्स्टनपर्यंत जाऊन आलोय.

(मेथीवाल्या काकू, पुढच्या अंकात नक्की.)